आमची कोठेही शाखा नाही

कोलंबस ज्यांना शोधायला घराबाहेर पडला होता, ती मंडळी म्हणजे आम्ही. पाचशे वर्षं वाट पाहिली, गृहस्थ काही उगवले नाहीत. वाटेत भलत्याच दारावर टकटक केली, 'हेच ते घर' म्हणाले आणि तिथेच पथारी पसरली. शेवटी म्हटलं, आपणच जाऊन बघून यावं.

न्यू जर्सीला भाच्याकडे दोन महिने राहून डिशवॉशरच्या घुरघुरीचा कंटाळा आला होता. भाचा म्हणाला, "मावशी, कॅरिबियनला जाऊ या. चार तासांचं तर विमान आहे." त्याच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा होता, माझ्या डोळ्यांपुढे सान्तो दोमिंगो. डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी. युरोपीय लोकांनी अमेरिकेत वसवलेलं आणि आजही नांदतं असलेलं सर्वांत जुनं शहर. भाच्याने पोहायची चड्डी पिशवीत घातली. ती शेवटपर्यंत कोरडीच राहिली, आणि त्याबद्दल तो अजूनही माझ्याशी तुटकच बोलतो.

आम्ही एक गाइड ठरवला. गोड माणूस, पांढरी टोपी, तोंड बंद न ठेवण्याचा अनेक वर्षांचा रियाज. त्याने विचारलं, कुठल्या तुम्ही? मी मोबाइलवर तीन आठवडे घोकलेलं स्पॅनिश ऐटीत बाहेर काढलं. "सोय इंदिया." मी इंडियन आहे. गाइड इतका हसला की टोपी सावरावी लागली. "नो, नो, सेन्योरा. तुम्ही इंडिओ नाही. इंडिओ मी. तुम्ही हिंदू!"

प्रकरण असं आहे. तिथे गव्हाळ-सावळ्या माणसाला 'इंडिओ' म्हणतात. बहुतेकांच्या अंगात आफ्रिकेचं रक्त आहे, पण हुकूमशहा त्रुहियोच्या काळापासून ते कबूल करण्यापेक्षा नामशेष झालेल्या आदिवासींचा रंग अंगाला लावून घेणं सोयीचं पडलं. सरकारी ओळखपत्रावर अनेक वर्षं रंगाचा रकाना होता, आणि त्यात 'इंडिओ'. त्यातही उजळ इंडिओ आणि गडद इंडिओ. आपल्या स्थळांच्या जाहिरातींत 'निमगोरी' असते ना, तिची ही सख्खी मावसबहीण. पण हे नाव असं वाटून संपल्यावर खरोखरच्या इंडियातून आलेल्या बाईला काय म्हणायचं? म्हणून लॅटिन अमेरिकेत भारतातला माणूस म्हणजे सरसकट 'हिंदू', मग तो वसईचा ख्रिस्ती असो की मालेगावचा मुसलमान. आपल्याकडच्या काही मंडळींना हे वाचून आनंदाचं भरतं येईल. त्यांनी पेढे आणायची घाई करू नये. हा दिग्विजय नाही, एका खलाशाचा पत्ता चुकल्याचा परिणाम आहे.

तर आम्ही तिघं, म्हणजे एक हिंदू मावशी, एक रुसलेला भाचा आणि एक इंडिओ गाइड, शहर बघायला निघालो.

जुन्या शहराचं नाव 'सोना कोलोनियाल'. सोना म्हणजे झोन, विभाग. तिकडे 'झ' कुणी उच्चारत नाही. नाव सोनूबाई, पण पुढची ओळ मी म्हणणार नाही, कारण दगड खरे आहेत, जुने आहेत आणि संध्याकाळच्या उन्हात देखणेही दिसतात. १९९० पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. माझं भांडण दगडांशी नाही. दगडांवरच्या पाट्यांशी आहे.

प्रत्येक पाटीवर एकच शब्द: पहिलं. अमेरिकेतलं पहिलं कॅथेड्रल. अमेरिकेतला पहिला फरसबंद रस्ता. अमेरिकेतलं पहिलं इस्पितळ, १५०३ चं. आता नुसत्या भिंती उरल्यात आणि दाखल आहेत ती फक्त कबुतरं. पहिला मठ, त्याचे अवशेष एके काळी वेड्यांचं इस्पितळ म्हणून वापरले. पहिलं विद्यापीठ, १५३८ चं. पेरूतले लिमावाले हे मान्य करत नाहीत, ते स्वतःच्या १५५१ ला चिकटून आहेत आणि दोन्हीकडचे विद्वान यावर नळावरच्या आवाजात भांडतात. दुपारपर्यंत मला इतकी 'पहिली' भेटली की तहान लागल्यावर मी गाइडला अमेरिकेतला दुसरा किंवा तिसरा नारळपाणीवाला दाखवायला सांगितलं.

आणि पहिलं म्हणजे कशानंतरचं पहिलं? या बेटावर ताइनो लोक शतकानुशतकं राहत होते. ते काय हवेतून चालायचे? त्यांच्या गावांना वाटा नव्हत्या? त्यांना ताप येत नव्हता, औषध देणारं कुणी नव्हतं? इथे मोजणी दोनापासून सुरू केली आणि दोनालाच एक म्हटलं. मग एकावर होते त्यांचं काय झालं, असा प्रश्न अंकगणितात येत नाही. १५१४ मध्ये मालकांना वाटण्यासाठी ताइनोंची शिरगणती झाली तेव्हा सारे मिळून सव्वीस हजारांच्या आसपास भरले. आधी किती होते यावर अभ्यासक भांडतात, पण बहुतेकांचे आकडे याच्या कित्येक पट आहेत. कोलंबस आल्यापासूनचं हे बावीस वर्षांचं काम. एवढ्या कार्यक्षमतेची पाटी मात्र मला कुठे दिसली नाही.

एक 'पहिलं' गाइडने साफ गाळलं. १५२० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला, शहराजवळच्या एका उसाच्या मळ्यावर गुलामांनी उठाव केला. अमेरिका खंडातला नोंद असलेला पहिला मोठा गुलाम-उठाव. मळा कुणाचा? कोलंबसाच्या मुलाचा, दिएगोचा. त्या धक्क्याने गुलामांना वठणीवर आणायचे कायदे झाले, जानेवारी १५२२ मध्ये. मी गाइडला विचारलं, हे का नाही सांगत? तो म्हणाला, "सेन्योरा, ते टूरमध्ये नाही." बरोबर आहे. टूरमध्ये कबुतरं आहेत.

आता ज्याच्या नावाने हा सगळा बाजार, त्या कोलंबसाचं आणि या शहराचं नातं बघा. १४९६ मध्ये त्याच्या भावाने, बार्तोलोमेने, ओसामा नदीच्या पूर्व काठावर शहर वसवलं. (ओसामा हे नदीचं नाव आहे, घाबरू नका.) १५०० साली याच शहरात राजाच्या माणसाने कोलंबसाला गैरकारभाराबद्दल पकडलं, पायांत बेड्या ठोकल्या आणि जहाजात घालून स्पेनला पाठवलं. १५०२ मध्ये तो पुन्हा आला, बंदराबाहेर उभा राहिला, म्हणाला, वादळ येतंय, आत घ्या. नवा गव्हर्नर निकोलास दे ओवान्दो म्हणाला, नाही घेत. वादळ आलं. ओवान्दोने हसत हसत स्पेनकडे रवाना केलेल्या आरमाराची बहुतेक जहाजं बुडाली, आणि त्यांत कोलंबसाला बेड्या घालणारा तो बोबादिया नावाचा साहेबही बुडाला. जुनं शहरही पडलं. मग ते नदीच्या पश्चिम काठावर नव्याने बांधलं, आणि तेच आज तिकीट लावून दाखवतात.

म्हणजे ज्या गावाने बेड्या घातल्या, दारातून हाकललं, तेच गाव आता त्याच्या नावाचा चौक, त्याच्या नावाचा वाडा आणि त्याच्या नावाचं दीपगृह बाळगून आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं, हे आपल्या शहाण्या लोकांनी आधीच सांगून ठेवलंय. इथे त्या दुधाची डेअरी निघाली आहे.

चौकात कॅथेड्रलसमोर त्याचा पुतळा आहे. १८८७ चा, एका फ्रेंच शिल्पकाराने घडवलेला. कोलंबस बोट दाखवत वर उभा. त्याच्या पायाशी चौथऱ्यावर चढणारी एक अर्धनग्न ताइनो बाई त्याचं नाव आणि त्याच्या थोरवीची विशेषणं दगडावर लिहिते आहे. ही अनाकाओना. खाराग्वाची राणी होती, गाणी रचायची. तिची खरी गोष्ट अशी की १५०३ मध्ये ओवान्दो तिच्याकडे पाहुणा म्हणून गेला. तिने जंगी आदरातिथ्य केलं. जेवणं उरकल्यावर त्याने तिच्या सरदारांना एका मोठ्या झोपडीत जमवलं आणि झोपडी पेटवली. म्हणतात की इशारा म्हणून त्याने छातीवरच्या क्रुसाला हात लावला. राणीला इथे, याच शहरात आणून फासावर दिलं. आणि पुतळ्यात ती काय करते? आभारपत्र लिहिते! फासावर दिलेल्या बाईकडून प्रशस्तिपत्र लिहून घेण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला आमच्याकडे शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष केला असता.

(हसू नका. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून आपण दरवर्षी फोटो काढत जातो. तिच्या एका बाजूला वास्को द गामा उभा आहे, दुसऱ्या बाजूला तलवार घेतलेली बाई पायाखाली आडव्या पडलेल्या एतद्देशीय माणसाला दाबून उभी आहे. त्या आडव्या गृहस्थाची चौकशी तुम्ही कधी केली होती? मीही नाही.)

ओवान्दोचं काय झालं म्हणता? उत्तम झालं. त्याचा पुतळा मोठ्या मैदानात उभा आहे, आणि त्याच्या राहत्या घराचं हॉटेल झालंय. राणीने पाहुणचार केला तो असाच; पाहुण्याच्या घरी पाहुणचाराचे पैसे पडतात, नाश्ता धरून.

त्या मैदानाच्या टोकाला 'अल्कासार दे कोलोन', म्हणजे कोलंबसाचा महाल. इथे भाचा पहिल्यांदा खूश झाला. म्हणाला, "मावशी, हा कोलंबसाचा पलंग असेल!" मी म्हटलं, अरे राजा, कोलंबस १५०६ मध्ये स्पेनमध्ये वारला. हा वाडा त्याच्या मुलाने त्यानंतर बांधला. पुढे वारसांनी सोडला, मग तो ढासळत ढासळत अक्षरशः उकिरड्याला लागला. १९५० च्या दशकात त्रुहियोला इतिहासाचा उमाळा आला, तेव्हा स्पेनचा वास्तुरचनाकार आणून तो पुन्हा उभा केला. आतल्या खुर्च्या, पेटारे, पलंग, पडदे हे सगळं जुन्या काळातलं खरं, पण स्पेनहून गोळा करून आणलेलं. म्हणजे तू ज्या पलंगाकडे भक्तिभावाने पाहतोयस त्यावर कोलंबस झोपला नाही, त्याचा मुलगाही झोपला नाही. कुणीतरी स्पॅनिश आजोबा घोरत असतील. भाच्याने तरी फोटो काढलाच. घरी दाखवताना तो 'कोलंबसाचा पलंग' म्हणूनच दाखवतो, हे मला बहिणीकडून कळलं. इतिहास असा तयार होतो, आपल्याच घरात.

त्रुहियोवर दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण हा माणूस तिथल्या प्रत्येक दगडामागून डोकावतो. १९३० ते १९६१ सत्ता. १९३६ मध्ये त्याने या पुरातन, आद्य, 'पहिल्या' शहराचं नावच बदलून स्वतःचं ठेवलं: सियुदाद त्रुहियो. जेझुइटांचं अठराव्या शतकातलं चर्च होतं, ते मधल्या काळात तंबाखूचं गोदाम आणि नाटकगृह होऊन गेलं होतं. याने ते दुरुस्त करून राष्ट्रपुरुषांचं स्मारक केलं, मनात असं की शेवटी आपण इथेच संगमरवरात पहुडू. स्पेनच्या फ्रँकोने झुंबर पाठवलं. एका हुकूमशहाने दुसऱ्याला कबरीसाठी झुंबर द्यावं, ही केवढी माया! ३० मे १९६१ ला लोकांनी त्रुहियोला गोळ्या घातल्या, आणि त्याचं प्रेत आधी पॅरिसला, मग माद्रिदजवळ गेलं. झुंबर मात्र इथेच लोंबतंय. शहराच्या नामांतराच्या आनंदात त्याने समुद्रकाठी एक सुळक्यासारखा स्तंभ उभारला होता, त्याला लोक 'नर' म्हणतात. पुढे थोड्या अंतरावर दोन दांड्यांचा आणखी एक आहे, तो 'मादी'. या नरावर आता त्याने मारून टाकलेल्या मिराबाल भगिनींची चित्रं रंगवली आहेत. अख्ख्या शहरात मला मनापासून आवडलेली ही एकच दुरुस्ती.

नाही, दोन. समुद्रकाठीच आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाच्या फादरचा प्रचंड पुतळा आहे. १९८२ मध्ये मेक्सिकोने भेट दिलेला, पंधरा मीटर उंच, तोंडाशी हात धरून ओरडणारा. २१ डिसेंबर १५११ च्या रविवारी या माणसाने चर्चमध्ये उभं राहून समोर बसलेल्या बड्या मळेवाल्यांना सुनावलं, की तुम्ही या ताइनोंना जनावरासारखं राबवता, ती माणसं नाहीत का? समोर बसलेल्यांत स्वतः दिएगो कोलंबस होता. मंडळी तणतणत मठात गेली, म्हणाली, पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या. पुढच्या रविवारी याने आवाज चढवून आणखी चार गोष्टी ऐकवल्या. आता तो समुद्राकडे तोंड करून ओरडतोय. शहराकडे त्याची पाठ आहे. हे शिल्पकाराने मुद्दाम केलं की जागेच्या सोयीने झालं, कोण जाणे. पण शहराला बरंच सोयीचं पडलंय.

बाकीचं भराभर सांगते. १७५३ मधलं एक दगडी सूर्यघड्याळ आहे, न्यायाधीशांना कचेरीच्या खिडकीतून वेळ कळावी म्हणून बांधलेलं. कामकाज केव्हा संपणार हा न्यायदानातला मूलभूत प्रश्न तेव्हाही होता. कॅथेड्रलमध्ये जी वस्तू जाग्यावर नसेल तिचा जाब ड्रेकला विचारायचा. इंग्रज चाचा फ्रान्सिस ड्रेक जानेवारी १५८६ मध्ये इथे महिनाभर ठाण मांडून बसला आणि २५,००० डुकाट खंडणी घेऊन गेला. तेव्हापासून फुटलेलं नाक, गायब झालेली घंटा, पडलेला कोनाडा, सगळं ड्रेकच्या खात्यावर. आमच्या गावच्या देवळात हेच खातं औरंगजेबाच्या नावावर आहे, त्यामुळे मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

आणि दुकानं! लारिमार नावाचा आकाशी खडा आहे, तो जगात फक्त याच देशात सापडतो. म्हणून प्रत्येक दुकानात सापडतो. त्याच्या शेजारी 'मामाहुआना'च्या बाटल्या. बाटलीत सालं, मुळ्या, काड्या ठासून भरलेल्या. त्यावर रम, लाल वाइन आणि मध ओतून मुरवायचं. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग भाच्याकडे बघितलं, मग डोळा मारून मूठ आवळून दाखवली. मी बाटली उन्हात धरून पाहिली. ज्येष्ठमधासारखं काहीतरी होतं, दालचिनीसारखं काहीतरी होतं आणि चुलीत घालायच्या लाकडासारखं बरंच होतं. मी म्हटलं, बाबा रे, असल्या काढ्यावर आमच्या आजीने अकरा मुलं वाढवली, तिने कधी डोळा नाही मारला.

आता दिव्याकडे येऊ. 'फारो आ कोलोन', कोलंबसाचं दीपगृह. इतका वेळ मी 'वैभव' वगैरे जो शब्द टाळला तो इथे लागणार आहे, कारण एवढी वैभवशाली मूर्खता रोज बघायला मिळत नाही.

नदीपलीकडे, समुद्रापासून आत, करड्या काँक्रीटचा एक आडवा पडलेला क्रूस आहे. दोनशे मीटरहून लांब. बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या, लांबून धरणाची भिंत वाटावी, जवळून धरणग्रस्तांचं ऑफिस. १९३१ मध्ये रिओमध्ये आराखड्याच्या स्पर्धेचा निकाल लागला, परीक्षकांत साक्षात फ्रँक लॉइड राइट. पहिला आला ग्लीव्ह नावाचा एक तरुण. मग दिवा बांधायला सहा दशकं लागली. १९३७ मध्ये प्रचारासाठी चार विमानांचा ताफा लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. तिघांना कोलंबसाच्या जहाजांची नावं दिली होती, सान्ता मारिया, निन्या, पिन्ता. कोलंबियात ही तिन्ही कोसळली. वाचलं ते चौथं. त्याचं नाव काय होतं? 'कोलोन'. इतरांना बुडवून स्वतः सुखरूप परतणं ही त्याची जुनीच रीत.

डोमिनिकन माणूस उगाच नाही त्याचं नाव घ्यायला बिचकत. 'फुकू' म्हणतात, म्हणजे अवदसा, पनवती. नाव तोंडातून निघालंच तर लाकडाला हात लावायचा किंवा 'साफा' म्हणायचं. आमचा गाइड दिवसभर 'कोलंबस' असं इंग्रजी नाव घेत होता, 'कोलोन' एकदाही नाही. मला वाटलं आमच्या सोयीसाठी. नंतर लक्षात आलं, अमंगळाला इंग्रजीतून हाक मारली की ते लागत नाही, अशी त्याची समजूत होती. आपल्याकडे रोगांची नावं घेतात तशी.

१९८६ मध्ये बालागेर पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. त्रुहियोचे जुने विश्वासू; वय ऐंशीच्या घरात, काचबिंदूने दृष्टी गेलेली. त्यांनी ठरवलं, पाचशेव्या वर्षापर्यंत दिवा लागलाच पाहिजे. दृष्टी गेलेल्या राष्ट्राध्यक्षाने समुद्रापासून लांब दीपगृह बांधलं, हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'जरा जास्तच होतंय' म्हणून खोडलं असतं. वस्ती उठवली, हजारो लोकांची घरं गेली. जी झोपडपट्टी उठवता आली नाही तिच्यापुढे भिंत बांधली, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'लाजेची भिंत'. खर्च सांगतात सुमारे ७ कोटी डॉलर. ऑक्टोबर १९९२ मध्ये उद्घाटन. त्याच्या तोंडावर बालागेरांची लाडकी बहीण गेली आणि ते स्वतः समारंभाला आलेच नाहीत. फुकू, लोक म्हणाले.

दिवा चालतो कसा ते ऐका. छतावर दीडशेहून जास्त झोत बसवलेत. ते आडवे समुद्राकडे नाहीत, सरळ वर आभाळात आहेत, ढगांवर उजेडाचा क्रूस उमटावा म्हणून. म्हणजे जहाजाला याचा शून्य उपयोग. हे दीपगृह विमानांना घाबरवण्यासाठी असेल तर मी माझे शब्द मागे घेते. आणि ज्या देशात रोजचं लोडशेडिंग, तिथे हे झोत पेटले की आजूबाजूच्या वस्त्यांतली वीज मलूल. भिंतीमागच्या माणसाला वर क्रूस दिसणार, हातातला घास दिसणार नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण मराठी माणसं फुकट वापरत आलो. त्यांनी ती सिमेंटमध्ये बांधून काढली. मी गेले त्या रात्री दिवा लागला नव्हता. बरेचदा लावतच नाहीत म्हणे. वस्तीतल्या घरांतून टीव्हीचे आवाज छान येत होते.

आत काय? पोपची काचेची गाडी. अमेरिकेतल्या निरनिराळ्या देशांना दिलेल्या खोल्या. आणि क्रुसाच्या ऐन छेदावर संगमरवरी, चार सिंहांचं, मेणाच्या केकसारखं थडगं: इथे क्रिस्तोबाल कोलोन चिरनिद्रा घेत आहेत.

खरं का?

हा मनुष्य मेल्यावरही पायाला चक्र लावून फिरला. व्हायादोलिदला वारला, तिथे पुरला. मग सेव्हिलला नेला. सून हट्टाने अटलांटिक ओलांडून इथे कॅथेड्रलमध्ये घेऊन आली. १७९५ मध्ये स्पेनने ही वसाहत फ्रान्सला देऊन टाकली, तेव्हा हाडं उचलून हवानाला. १८९८ मध्ये क्यूबा हातचा गेला, तेव्हा हाडं पुन्हा सेव्हिलला. साम्राज्य जिथून पळतंय तिथून पहिली बॅग ही. पण मध्ये १८७७ मध्ये इथल्या कॅथेड्रलमध्ये डागडुजी चालू असताना शिशाची एक पेटी निघाली. वर कोलोनचं नाव, आत हाडं. डोमिनिकन मंडळी म्हणाली, घाईघाईत तुम्ही भलत्याचीच हाडं नेलीत, बापाऐवजी मुलाची असतील. खरा माल इथेच आहे.

तेव्हापासून दोन्ही गावांनी थडग्यावर आपली ती सुप्रसिद्ध पाटी लावली आहे: आमची कोठेही शाखा नाही. हवानाची शाखा कायमची बंद. स्पेनने २००३ पासून डीएनए वगैरे तपासायला घेतला, २०२४ मध्ये टीव्हीवर वाजतगाजत जाहीर केलं की सेव्हिलची हाडं त्याचीच. ही सेव्हिलची ऐतिहासिक ठेव वजनाला पाव किलोही भरत नाही, हे बारीक अक्षरात. मग उरलेला माणूस कुठे गेला? कदाचित शिशाच्या पेटीत असेल. दोन्ही दुकानं अस्सल असायला शास्त्राची काही हरकत नाही. पण सान्तो दोमिंगोवाले पेटी उघडू देत नाहीत. मेलेल्या माणसाला त्रास देऊ नये, असं कारण. पाच वेळा उकरलेल्या माणसाबद्दल एवढा हळवेपणा! मी गाइडला म्हटलं, एकदा तपासून टाका ना. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी आमच्या पेठेतल्या मिठाईवाल्याला 'बाकरवडी आजची आहे ना?' विचारल्यावर मिळते.

बाहेर पडलो तेव्हा अंधारून आलं होतं, भूक लागली होती. कोपऱ्यावर चार म्हातारे खुर्च्या टाकून डॉमिनो आपटत होते. इतक्यात पलीकडून हातगाडी आली, आणि गाडीवाला ओरडला: "बटाटा! बटाटा!"

मी जागच्या जागी थांबले. अक्षर न् अक्षर तेच. दादरच्या मंडईत येते तशी हाक. हा आमचा शब्द इथे कसा? पण आमचा कसला? हा यांचा. ताइनोंचा. स्पॅनिशांनी त्यांच्या तोंडून उचलला, पोर्तुगीजांनी पुढे नेला आणि आमच्या किनाऱ्यावर उतरवला. राणी फासावर गेली, शिरगणती शून्याला टेकली, पण त्यांच्या तोंडचा शब्द आम्ही रोज सकाळी पोह्यांत चिरून घालतो, उपासाला तुपात परततो. इतका वेळ 'पहिलं, पहिलं' ऐकून किटलेल्या कानांना हा शब्द फार बरा वाटला. मी ऐटीत दोन बोटं दाखवली. "दोस बटाटास!"

गाडीवाल्याने निखाऱ्यांतून दोन काढले, कागदात गुंडाळून हातावर ठेवले. साल सोललं, आत नारिंगी झाक, गोड वास.

भाचा आठवड्यात पहिल्यांदा मनमोकळं हसला. "मावशी, हे रताळं आहे."

होतंच. तिथे बटाटा म्हणजे रताळं. आपल्या बटाट्याला ते 'पापा' म्हणतात, नावांची अदलाबदल युरोपात कुठेतरी झाली. म्हणजे मीही समुद्र ओलांडून आले, एक वस्तू मागितली, भलतीच हाती आली आणि तिला आपल्या घरचं नाव देऊन मोकळी झाले.

"खा आता," भाचा म्हणाला. "थंड होतोय तुझा बटाटा."